कापलेल्यातले निम्मे

शिडी काढल्याचा आवाज मला आला होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. खासनीस सर टाकीच्या भिंतीला पाठ लावून टेपचं एक टोक धरून उभे होते, दुसरं टोक माझ्या हातात होतं, आणि आम्ही गॅलरी मोजत होतो. लोखंड सिमेंटवर घासल्यासारखं काहीतरी वाजलं. साइटवर असं दिवसभर काही ना काही वाजत असतं. माप सांगून मी टेप गुंडाळला, उतरायला म्हणून कडेशी आले, आणि शिडी जागेवर नव्हती.

खाली, सिमेंटचा जिना जिथे संपतो त्या टप्प्यावर, कंत्राटदार हणमंत खिलारे उभा होता. शिडी त्याच्या पायाशी आडवी पडली होती. ती काढायला मदत केलेले दोन गडी जिना उतरून चालले होते आणि त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

"शिडी लावा की, खिलारे," मी म्हटलं.

"लावतो की," तो म्हणाला. "घाई काय हाय? जरा बोलू."

सूतगिरणीसाठी पाण्याची उंच टाकी बांधून होत आली होती. जिना अर्ध्यापर्यंतच झाला होता, आणि तिथून वर टाकीभोवतीच्या गॅलरीत यायला ही एकच शिडी. परांची आदल्या दिवशी काढून टाकलेली. गॅलरीला अजून कठडा नव्हता. रुंदी एवढीच की एक माणूस भिंतीला खेटून चालेल आणि समोरून दुसरा आला तर दोघांनीही देवाचं नाव घ्यावं. खिलारेच्या टप्प्यावर उडी मारायची म्हटलं तरी नेम चुकला की थेट खालच्या खडीत. मे महिना होता, दुपार होती, आणि माझ्या पाठीमागची भिंत तापलेल्या तव्यासारखी झाली होती.

आमचा धंदा काय हे आधी सांगायला हवं, कारण त्या दिवशी त्याच्यावरच सगळं येऊन ठेपलं. आम्ही क्वांटिटी सर्व्हेअर. पुष्कळ लोकांना वाटतं आम्ही जमिनीची मोजणी करणारे. माझ्या सख्ख्या मामाने एका लग्नात माझी ओळख 'तलाठ्याकडे असते' अशी करून दिली होती. तर तसं नाही. कंत्राटदाराने किती काम केलं, कसलं केलं, आणि त्याचे त्याला किती पैसे द्यायचे, हे मालकाच्या वतीने आम्ही ठरवतो. मिरजेला खासनीस सरांचं ऑफिस होतं, सर साठी उलटलेले आणि मी सव्वीस वर्षांची, त्यांची एकुलती एक सहायक. सूतगिरणीचे चेअरमन आबासाहेब यांनी आम्हाला नेमलं होतं. आमची फी मंजूर झालेल्या बिलाच्या दोन टक्के. त्या काळी सगळ्यांची अशीच असायची.

आणि गेल्या आठवड्यात सरांनी खिलारेच्या बिलातून चार लाख रुपये कापले होते. पायाची खोदाई त्याने कठीण खडकात दाखवली होती. सरांनी तो खड्डा उघडा असताना पाहिला होता. मुरूम होता सगळा, कडेला पहारीचे वळ होते आणि सुरुंगाचं एकही भोक नव्हतं. खडकाचा दर आणि मुरमाचा दर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

"हे बघा," सर वरून म्हणाले, "तुम्हाला मोजमाप मान्य नसेल तर लेखी हरकत घ्या. आपण गिरणीत बसून बोलू."

"मुरूमच हुता की सायेब," खिलारे म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"मी कुठं न्हाई म्हंतोय?" खिलारेने खिशातून तंबाखूची पिशवी काढली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ऐसपैस बसला. तिथून तो आमच्याशी अगदी हलक्या आवाजात बोलू शकत होता, आणि तसाच बोलत होता. "इतकी वर्सं हेच करतोय. मुरूम निघतोय, खडक लिवला जातोय. तुमच्यासारखीच मानसं लिवत्यात. माझंबी वाढतं, त्यांचंबी वाढतं. आता तुमचंच बगा. माझं चार लाख कापलं, म्हंजे तुमचं किती गेलं?"

त्याने माझ्याकडे बोट केलं.

"कोरेबाई, तुम्ही हिशेबात हुशार. किती गेलं?"

"आठ हजार," मी म्हटलं.

"आठ हजार. स्वोताच्या खिशातलं आठ हजार कोन टाकून देतंय?" त्याने चुना काढला, तंबाखू मळायला घेतली. "म्हंजे दुसऱ्या खिशात जास्ती आल्यात. मला तेवढंच सांगा. कुनी दिलं?"

"कुणी दिले नाहीत," सर म्हणाले.

"सायेब, मी मारामारी करनारा मानूस न्हाई. पन मला कुनीतरी संपवाय निघालंय. वरच्या अंगाला दुसऱ्या टाकीचं टेंडर निघतंय. त्याच्या आत मला चोर ठरवायचं, काळ्या यादीत घालायचं. हे मला कळतंय. रात-रात झोप न्हाई. कोन हाय तेवढं कळू दे. तुमच्यावर माझा राग न्हाई."

खरं सांगते, त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी इतकी घाबरले नसते. शिव्या देणारा माणूस दमतो. हा स्वतःच भेदरलेला होता, आणि आपल्याला ठाऊक असलेलं सगळं जोडून त्याने एक उत्तर काढलं होतं. त्या उत्तरात फक्त एका नावाची जागा रिकामी होती. ते नाव जगात नव्हतंच, आणि ते मिळाल्याशिवाय शिडी लागणार नव्हती.

सरांनी समजावून पाहिलं. सरांना समजावून सांगायची फार हौस. बिल कमी झालं की आपली फी कमी होते हे त्यांना मान्य आहे, तीस वर्षं ते असंच करत आले आहेत, मुरमाला खडक म्हणवत नाही म्हणून म्हणत नाहीत, बाकी काही नाही. वर्गात शिकवावं तसं ते बोलत होते. बोलता बोलता त्यांनी एक पाय हलवला आणि त्यांची चप्पल कडेवरून घसरली. मी ती जाताना पाहिली. खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. सर बोलायचे थांबले. त्यांनी दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि डोळे मिटून घेतले.

"सर, खाली बघू नका," मी म्हटलं. "बसा. हळूहळू खाली बसा."

"बसता येत नाहीये, उमा. पाय ऐकत नाहीत."

त्यांना रक्तदाब होता. सकाळपासून पोटात एक कप चहा आणि गिरणीचा सुपरवायझर मगदूम याने आपल्या डब्यातली दिलेली अर्धी भाकरी, एवढंच होतं. मी त्यांचं मनगट पकडलं. ते घामाने निसटत होतं.

"मागच्या साली माझा एक गडी पडला," खिलारे खालून म्हणाला. "सेंट्रिंग काडताना. कुनाचीबी चूक न्हवती. नशीब." त्याने तंबाखू तोंडात टाकली. "सरास्नी लई वेळ हुबं ऱ्हावनार न्हाई. सांगून टाका."

"कुणीही नाही, खिलारे. आईची शपथ," मी म्हटलं.

"शपथ कशाला? मी नावं घेतो, तुम्ही नुसती मान हलवा. तुमच्या तोंडानं काय बोलू नका. पवाराचा गजा? त्याला टेंडर पायजे."

मी मान हलवली नाही.

"डेप्युटी इंजिनेर?"

नाही.

"मग मगदूम."

मी काही केलं नाही, पण माझी नजर गेली. खाली सिमेंटच्या गोदामाशी मगदूम उभा होता. वरून तो टोपीएवढाच दिसत होता. पोती उतरवून घेत होता बिचारा. इतक्या लांबून हाक ऐकू गेली नसती, आणि टाकीवर काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. खिलारेने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं, मान वळवून त्याने खाली पाहिलं, आणि परत माझ्याकडे पाहिलं.

"मगदूमच ना?" तो म्हणाला. आवाज आणखी खाली आला होता. "मलाबी वाटलंच हुतं. रोज त्याच्या डब्यातलं खाता तुम्ही. तो तुमास्नी खड्डा दाखवाय न्हेत हुता. हलवा मान. शिडी लावतो."

पुष्कळ वर्षं झाली त्याला. तरी त्या क्षणाचं मला लख्ख आठवतं. मानेचे स्नायू आधी तयार होतात. आपण ठरवायच्या आधीच ते तयार असतात. सरांचं मनगट माझ्या हातातून सुटत चाललं होतं, ते भिंतीवरून एका बाजूला कलत होते, आणि माझी मान हलणार होती. मगदूमचं पुढे काय होईल याचा विचार मी केला नाही. मला फक्त पायाखाली शिडी हवी होती.

आणि तेव्हा मला हिशेब सुचला. दुसरं काही नाही, नुसता हिशेब. खिलारेला नाव नको होतं, त्याला हिशेब जुळायला हवा होता. आठ हजार घालवून कुणाला काय मिळालं, एवढंच त्याचं कोडं होतं.

"आबासाहेबांनी," मी म्हटलं.

तो तंबाखू चघळायचा थांबला.

"आमची फी टक्क्यावर नाही आता," मी म्हटलं. शब्द आपोआप येत होते, जसं काही तशा कराराचं पत्र मी स्वतः टाइप केलं होतं. "आबासाहेबांनी नवीन ठरवलंय. कागदावर दोन टक्केच आहे. पण बिलातून जेवढे कापू त्याचे निम्मे आमचे. निम्मे गिरणीचे वाचले."

"उमा," सर म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

"सर, सांगू द्या आता. लपवून काय उपयोग?" मी खिलारेकडे वळले. "कुणाला बोलायचं नाही असं ठरलं होतं."

खिलारेने मनातल्या मनात आकडे मांडलेले मी पाहिले. चार लाखांचे निम्मे दोन लाख. एका बाजूला दोन लाख, दुसऱ्या बाजूला आठ हजार. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला. चेअरमनशी त्याचं वैर नव्हतं, आणि असतं तरी आबासाहेबांना हात लावायची त्या तालुक्यात कुणाची छाती नव्हती. त्याला संपवायला कुणी निघालं नव्हतं. मालक नुसता पैसे वाचवत होता. मालक ते करणारच.

"असं हाय व्हय," तो म्हणाला. मग तो हसला, अगदी मनापासून. "मग आधी बोलायचं न्हाई का, बाई? मी हितं जिवाला खातोय. आबा लई पोचलेलं हाय राव."

त्याने खाली हाक मारली. दोन्ही गडी परत वर आले, शिडी लागली, तारेने बांधली गेली. सरांना उतरवायला खिलारे स्वतः वर चढला. त्याने सरांचा एक एक पाय हाताने धरून पायरीवर ठेवला. "सावकाश, सायेब. हां. हितं टेकवा," असं तो म्हणत होता, घरच्या म्हाताऱ्याला सांभाळावं तसं. खाली आल्यावर त्याने उसाचा रस मागवला. सरांची चप्पल शोधून आणली, तिचा अंगठा तुटला होता म्हणून स्वतःच्या चपला घालायला दिल्या. मी रस प्यायले. माझे दात पेल्यावर वाजत होते आणि खिलारे रसवाल्याला माझ्या पेल्यात बर्फ कमी घालायला सांगत होता.

मिरजेला जाणाऱ्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. खिलारेच्या चपला त्यांना मोठ्या होत होत्या. मला वाटलं, आता मला नोकरीवरून काढणार. तीस वर्षांचं नाव मी पाच वाक्यांत मातीत घातलं होतं.

"ते सुचलं नसतं तर?" ते म्हणाले.

"तर मान हलवली असती," मी म्हटलं. खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

"ठाऊक आहे." त्यांनी बाहेर पाहिलं. "मी तर तोंड उघडलं होतं. मगदूमचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. तू आधी बोललीस म्हणून."

त्या खोटेपणाचा मला पश्चात्ताप होत नाही. मगदूमच्या दोन्ही मुलींच्या लग्नात मी जेवून आले आहे.

मला वाटलं होतं आबासाहेब आम्हाला उभं जाळतील. त्यांनी बोलावलंही. खिलारे तोंडाचा सैल, आठवड्यात ही गोष्ट तालुकाभर झाली होती. आबासाहेब मात्र खूश होते. "मी एवढी भारी योजना काढली आन् मलाच म्हाईत न्हाई," असं म्हणून ते पोट धरून हसले. मी सगळं खरं सांगितलं तेव्हा त्यांनी हात झटकला आणि असू दे म्हणाले. लोक त्यांना हुशार म्हणत होते, त्यात त्यांचं काय जात होतं? ही गोष्ट खोटी आहे असं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आम्हाला मात्र आमचे दोन टक्केच मिळाले, तेही कापलेल्या बिलावरचे.

पावसाळा संपता संपता इचलकरंजीचे उपाध्ये ऑफिसात आले. यंत्रमागांचे मोठे मालक. नवीन शेड बांधायला घेतली होती. बसल्या बसल्या त्यांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाऊसपाण्याच्या गप्पा केल्या आणि मग म्हणाले, "सर, तुमची ती निम्म्याची पद्धत आमच्याकडंबी लावायची."

"तशी आमची पद्धत नाही," सर म्हणाले. "ती अफवा आहे. आमची फी मंजूर बिलाच्या दोन टक्के. बिल कापलं तर आमचीही फी कमी होते."

उपाध्ये सरांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"साठ टक्के," ते म्हणाले.

"अहो, तुम्हाला कळत नाहीये. मी भाव करत नाहीये. खरंच तसं काही नाही."

"पासष्ट. याच्या वर मला परवडत न्हाई, सर. साठाच्या वर कुणी दिल्याचं मी ऐकलं न्हाई, मी पाच जास्ती देतोय."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या क्षणी त्यांना काय दिसत होतं ते मला नीट कळलं, कारण मलाही तेच दिसत होतं. उपाध्येंचा कंत्राटदार कोण असेल, त्याची छाती किती असेल, तो कुठल्या गोष्टीने बिथरेल, काही ठाऊक नव्हतं. दोन टक्क्यांवर त्याचं बिल कापलं की तोही बसून हिशेब मांडणार होता. कुणी दिलं, असं विचारणार होता. त्या घटनेनंतर सर एकदाही उंचावर चढले नव्हते. ऑफिसच्या गच्चीवरसुद्धा मला पाठवायचे. उपाध्ये आले त्या दिवसापर्यंत मला ते वयामुळे वाटत होतं.

"निम्मे," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. उपाध्येंना वाटलं सौदा जमला, ते खुशीत मागे रेलले.

"पासष्ट नकोत," सर पुढे म्हणाले. "निम्मे पुरे. कागदावर लिहून द्या, उघड. आणि एक अट. तुमच्या कंत्राटदाराला हे तुम्ही स्वतः सांगायचं. आम्ही साइटवर पाऊल टाकायच्या आधी."

"त्याला कशाला सांगायचं? ही आपल्या दोघांतली गोष्ट."

सरांनी चष्मा परत चढवला.

"आम्ही कुणाचं खातो," ते म्हणाले, "ते त्याला आधीच कळलेलं बरं."